हरणाच्या शिंगांना फुटलेले झाड

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडच्या दिवाणखान्यांत एक हरीण येऊन उभे राहिले आहे. त्या जागी पूर्वी रविवर्म्याची लक्ष्मी असे, नाहीतर घरातल्या कर्त्या पुरुषाचा हार घातलेला फोटो. आता हे हरीण असते. ते नेहमी एका बाजूने दिसते. मान मागे वळवलेली, शिंगे वर जाता जाता झाडाच्या फांद्या झालेली, फांद्यांना पाने, पानांत दोन पक्षी, आणि सगळे अंग बारीक ठिपक्यांनी नाहीतर रेघांनी भरलेले. बेळगावात, धारवाडात, इंदूरच्या नातेवाइकांकडे, बडोद्याच्या व्याह्यांकडे, सगळीकडे मला ते भेटले आहे. कापडी पिशवीवर आणि चहाच्या कपावरही भेटले आहे.

घरच्या माणसाला विचारावे तर उत्तर ठरलेले असते, 'गोंड पेंटिंग आहे, आदिवासी कला.' पाहुणा म्हणतो, 'वा, सुंदर!' आणि चहा येतो. चित्राविषयीचे बोलणे तिथेच संपते.

हीच माणसे गाण्याविषयी कशी बोलतात ते आठवून पाहा. मल्लिकार्जुन मन्सूरांचा अमुक राग चांगला की तमुक, कुमार गंधर्वांनी ख्यालाचे काय केले, यावर आपल्या भागात रात्री जागल्या आहेत. कुमार आपल्या सुळेभावीचे म्हणून त्यांना कोणी सवलत दिली नाही. ज्यांना पटले नाही त्यांनी तोंडावर सांगितले, ज्यांना पटले ते भांडले. चित्रापुढे, आणि त्यातही आदिवासी म्हटलेल्या चित्रापुढे, आपली ही जीभ कुठे जाते? ते चांगले असू शकते तसे वाईटही असू शकते, एका हरणापेक्षा दुसरे सरस असू शकते, ही शक्यताच आपण मनात आणत नाही. याला आपण आदर म्हणतो. मला त्यात आळस दिसतो, आणि आळसाच्या खाली थोडा अनादरही दिसतो.

मी चित्रकार नव्हे. शाळामास्तर आहे, आणि एम.ए. केले ते मराठी साहित्यात. पण कवितेतला अलंकार कुठे अर्थाला उचलतो आणि कुठे नुसता लटकतो, हे मुलांना समजावण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. आणि हे चित्र मुळात अलंकाराचेच चित्र आहे. तेव्हा त्या बाजूने मी त्याच्याकडे पाहणार आहे.

माझ्यासमोर आत्ता जे हरीण आहे ते आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने भोपाळहून आणले. 'सर, कसे आहे ते खरे सांगा,' असे म्हणून तो ते आठ दिवसांसाठी ठेवून गेला. चार फूट उंच, तीन फूट रुंद कॅनव्हास, ॲक्रिलिक रंग, गर्द निळी पार्श्वभूमी, तांबूस हरीण. मागच्या बाजूला विकणाऱ्याने चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर 'हजारो वर्षांची परंपरा' असे इंग्रजीत छापले आहे. चित्रकाराचे नाव चिठ्ठीवर नाही. ते चित्रातच खाली उजव्या कोपऱ्यात, देवनागरीत आहे, पण चौकट बसवणाऱ्याच्या लाकडाखाली अर्धे गेले आहे.

आधी त्या चिठ्ठीचा हिशेब करू. मध्य प्रदेशात नर्मदेच्या वरच्या अंगाला डिंडोरी जिल्हा आहे. (आपल्या नाशिककडची दिंडोरी नव्हे. हा जिल्हा १९९८ साली मंडला जिल्ह्यातून वेगळा काढला.) त्यात पाटनगढ नावाचे गाव आहे आणि तिथे परधान लोकांची वस्ती आहे. परधान आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडेही आहेत, तेव्हा हा शब्द मराठी कानाला अगदीच परका नाही. परधान म्हणजे गोंडांचे भाट. बाना नावाचे तंतुवाद्य घेऊन गोंड यजमानाच्या दारी जायचे आणि त्याच्या कुळाच्या, गोंड राजांच्या, बडादेवाच्या कथा गायच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. बडादेवाचा वास साजाच्या झाडात. साज म्हणजे आपला ऐन. पुढे यजमानच दरिद्री झाले, तेव्हा दारी गाणाऱ्याला काय मिळणार? गाणे मागे पडले आणि परधान मोलमजुरीला लागले. चित्र म्हणावे असे त्यांच्या घरी जे होते ते बायकांच्या हातचे, भिंतीवर आणि अंगणात माती-गेरूने काढलेल्या डिगना नावाच्या नक्ष्या. अंगावर गोंदण असे. व्हेरियर एल्विन १९४० च्या दशकात याच पाटनगढात राहिले होते, आणि मध्य भारतातल्या आदिवासींच्या कलेवरचे त्यांचे पुस्तक १९५१ साली निघाले.

१९८१ च्या सुमारास भोपाळला भारत भवनाची तयारी चालू होती. तिथल्या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. त्यांनी तरुण मुलांच्या तुकड्या खेडोपाडी पाठवल्या. पाटनगढात एका तुकडीला एका घराच्या भिंतीवर चित्र दिसले. ते काढणारा मुलगा जनगढ सिंह श्याम. त्याला भोपाळला आणले, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवन उघडले तेव्हा त्याची चित्रे तिथे होती. त्याच संस्थेत छापचित्रांच्या विभागात त्याला काम मिळाले. कागद, पेन, पोस्टरचे झगझगीत रंग, रेशमी जाळीची छपाई ही साधने गावातल्या भिंतीवर नव्हती, ती इथे हाताशी आली. ज्या देवांना तोवर धोंडा किंवा झाड एवढेच रूप होते त्या बडादेवाला, ठाकुरदेवाला, मरहीदेवीला जनगढनी डोळे दिले, हात दिले, अंगभर नक्षी दिली. वाघ, मगर, हरीण, साप, पक्षी त्याच रीतीने काढले. १९८६ मध्ये मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या 'मॅजिसियँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. भोपाळचे विधानभवन चार्ल्स कोरियांनी उभारले, त्याच्या भिंती रंगवण्याचे काम जनगढकडे आले. मग पाटनगढाहून भाऊ, पुतणे, मेहुणे भोपाळात आले, त्यांच्या हाताखाली शिकले, आणि आज आपण 'गोंड चित्र' म्हणतो ते तयार झाले. हिंदीतले लेखक उदयन वाजपेयी यांनी या शैलीला 'जनगढ कलम' म्हटले. तेच नाव मला बरोबर वाटते, कारण त्यात माणसाचे नाव आहे.

म्हणजे कागद-कॅनव्हासावरचे हे हरीण माझ्याहून वयाने लहान आहे. कथा जुन्या, देव जुने, डिगना जुनी; चित्र मात्र एका माणसाने, एका शहरात, नव्या साधनांनी घडवलेले. 'हजारो वर्षांची' म्हटले की गिऱ्हाइकाला बरे वाटते. पण त्यामुळे शोध लावणाऱ्याचा शोध पुसला जातो. आपल्या नाट्यसंगीताला कुणी 'मराठ्यांचे प्राचीन समूहगान' म्हटले तर किर्लोस्करांचे आणि देवलांचे काय उरेल?

आता चित्राकडे. या चित्रात सावली नसते, क्षितिज नसते, जमीन बहुधा नसते. प्राणी एका सपाट रंगात कापून काढल्यासारखा असतो. म्हणजे चित्रकाराच्या हातात गोष्टी दोनच, प्राण्याच्या कडेची रेषा आणि तिच्या आतले भरणकाम. भरणकाम म्हणजे ते ठिपके, तांदळासारखे दाणे, कंगव्याने ओढल्यासारख्या बारीक रेघा, माशाचे खवले, अर्धचंद्र. प्रत्येक जाणत्या चित्रकाराचे भरणकाम वेगळे असते. सही झाकली तरी जाणकार त्यावरून माणूस ओळखतात. जनगढच्या हाताखालच्या मुलांना आधी हेच काम मिळे. त्यांचे पुतणे भज्जू श्याम, ज्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ते भोपाळात रात्रीची पहारेकरीची नोकरी करत होते. काकांनी त्यांना बोलावून आपल्या चित्रांत रेघा भरायला बसवले. गुरूच्या मागे बसून तंबोरा धरण्यासारखेच हे. घराणे असेच सुरू होते.

आपल्या भागातल्या वाचकांना यासाठी एक ताळा हाताशी आहे. कशिदा. इरकली लुगड्याच्या पदरावरचा मोर, अंबारीचा हत्ती, रथ आपण लहानपणापासून पाहिले आहेत. तो मोर ताठ असतो, त्याची मान कोनाकोनाने वळते, कारण कशिदा काढणारी बाई कापडाचे धागे मोजून टाका घालते. तिला गोल रेषा मिळतच नाही. गवंतीचा टाका तर दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. पैठणीच्या मोरालाही ताण्याबाण्याची तीच सक्ती. त्या अलंकरणाचे कारण कापडातच आहे, आणि त्या सक्तीतून बाईने मोर उडवला की आपण तिला दाद देतो.

कुंचल्याला अशी सक्ती नाही. कुंचला वळेल तिथे वळतो. हरणाच्या मानेत रेघ आडवी घालायची की उभी, दाणे दाट की विरळ, पोटाशी काय आणि खुराशी काय, हे सारे चित्रकाराने ठरवायचे. जिथे ठरवायची मोकळीक आहे तिथे ठरवणे चुकूही शकते, आणि म्हणूनच तिथे टीका करता येते. जनगढच्या चांगल्या चित्रांत रेघ शरीराच्या मागे जाते. प्राण्याचे अंग जिकडे वळते तिकडे ती वळते, सांध्यापाशी दाटते, मोकळ्या जागी सैल होते. सावली न काढता वजन येते ते यामुळे. प्राणी सपाट असतो आणि तरी त्याला हाड असते. पुढे याच रेघेचा छाप झाला की आधी प्राण्याची आकृती कापून घ्यायची आणि मग आत एकसारखा नमुना ओतायचा, गादीत कापूस भरावा तसा. मग ते हरीण आहे की हत्ती याने काहीच फरक पडत नाही. तो नमुना पडद्यावरही चालेल. बाजारातली बहुतेक हरणे मला या जातीची दिसतात.

माझ्यासमोरचे हरीण कोणत्या जातीचे? पहिल्या दिवशी मला ते नुसते देखणे वाटले. तिसऱ्या दिवशी त्याची मान दिसू लागली. हनुवटीखाली चित्रकाराने अर्धचंद्राचे बारीक दाणे अगदी जवळजवळ टाकले आहेत, मोहरीएवढे. मान मागे वळते तिथे बाहेरच्या कडेला हे दाणे लांबतात, आतल्या कडेला चुरगळल्यासारखे एकावर एक येतात. वळलेल्या मानेच्या कातडीचे खरोखर असेच होते. हे पाहून काढलेले आहे, पाठ करून नव्हे. छातीपाशी दाणे एकदम मोठे होतात आणि त्यांच्यामधून खालचा तांबूस रंग दिसू लागतो, श्वास भरल्यासारखा. या एवढ्या वीतभर जागेसाठी मी या चित्राला घरात जागा देईन.

पोटाकडे मात्र कंटाळा आला असावा. तिथे दाणे एकाच मापाचे, एकाच अंतरावर आहेत. पुठ्ठ्यापर्यंत ते तसेच जातात, जणू मानेनंतर हात दुसऱ्याचा लागला. तो दुसऱ्याचा असेलही. आता सांगितलेच की शिकाऊ मुले भरणकाम करतात, आणि त्यात गैर काही नाही, मोठ्या चित्रशाळांत जगभर असेच चालत आले. पण चित्र एकच असायला हवे. पायांची गोष्ट त्याहून वाईट. चारही पाय सारखे, सरळ, टेबलाला लावतात तसे. मानेत जे भय आहे, कुणाची तरी चाहूल लागल्याचे, त्याचा पायांना पत्ता नाही. वळून पाहणारे हरीण पुढच्या क्षणी पळते. त्याचा एक पाय तरी ते जाणत असतो. इथे मान जंगलात आहे आणि पाय दिवाणखान्यात.

शिंगे हा या चित्राचा प्राण समजला जातो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर. विकणारे सांगतात की शिंगांचे झाड म्हणजे निसर्ग आणि प्राणी यांचे ऐक्य. असेलही. पण ऐक्य सांगून होत नाही, ते रेषेत घडावे लागते. शिंग हाडाचे, फांदी लाकडाची. या दोहोंत कुठे तरी एक जागा अशी पाहिजे की जिथे आपल्याला कळू नये हे अजून शिंग आहे की फांदी झाली. चित्रकाराने ती जागा डाव्या शिंगावर साधली आहे. बुंध्याशी आडव्या वळ्या आहेत, शिंगावर असतात तशा. वर जाता जाता त्या वळ्या तुटतात, तिरप्या होतात आणि सालीच्या भेगा बनतात. नेमकी वळी कोणती तुटली हे बोट ठेवून सांगता येत नाही. उजवे शिंग मात्र त्याची उलटी नक्कल आहे, आणि पाने सगळीकडे एकच. हे पान ना ऐनाचे, ना मोहाचे, ना पळसाचे. ते 'पान' आहे, छापील पुस्तकातले. ज्यांच्या पूर्वजांनी ऐनाच्या झाडात देव पाहिला त्यांच्या चित्रात झाडाला जात नसावी, हे मला खटकले. पक्षी दोन आहेत, तोंडे समोरासमोर, जागा भरण्यासाठी आलेले. एक काढला असता तर चित्र जिवंत झाले असते. हरीण मागे का पाहते याला एक कारण तरी मिळाले असते.

रंगाविषयी एवढेच की निळा फार गुळगुळीत आहे. सोफ्याच्या कापडाशी जुळावा म्हणून निवडल्यासारखा. गिऱ्हाइकाचा सोफा चित्रकाराला माहीत असतो, असे मला आताशा वाटू लागले आहे.

किमतीचा विषय मराठी माणूस चारचौघांत काढत नाही, तरी काढतो. अशी चित्रे बहुधा मापावर विकली जातात, मोठे असेल तर महाग. दाट भरणकामाला दिवस जास्त लागतात, म्हणून मापाच्या हिशेबाला थोडे कारणही आहे. पण त्या हिशेबात या हरणाची मान आणि पाय एकाच भावाने जातात. जनगढचे १९८८ सालचे 'लँडस्केप विथ स्पायडर' हे चित्र २०१० मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ३१,२५० डॉलरला गेले. तो पैसा चौरस फुटांचा नव्हता. तो एका हाताचा होता.

मग या शैलीतले प्राणी संपले का? हरीणच पाहत बसलो तर तसे वाटेल. पण याच घराण्यातल्या माणसांनी प्राण्याला विचार करायला लावल्याची उदाहरणे आहेत. भज्जू श्याम २००२ मध्ये एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला लंडनला गेले होते. परत येऊन त्यांनी जे पाहिले त्याचे चित्रमय पुस्तक केले, 'द लंडन जंगल बुक'. ते २००४ मध्ये चेन्नईच्या तारा बुक्सने काढले. त्यात लंडनचे ते प्रसिद्ध घड्याळ आणि गावचा कोंबडा एक झाले आहेत. घड्याळाची तबकडी म्हणजे कोंबड्याचा डोळा. दोघांचेही काम वेळ सांगण्याचे. तीस नंबरची बस त्यांना रोज योग्य जागी नेई, म्हणून ती इमानी कुत्र्याच्या रूपात येते. संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जमणारे इंग्रज वटवाघळे होतात. हसू येते, आणि मग लक्षात येते की हा विनोद नुसता नाही. ज्याला शहराची भाषा येत नाही तो माणूस आपल्या गावच्या प्राण्यांनी ते शहर वाचतो आहे. जे आपल्या दिवाणखान्यातल्या हरणाला जमत नाही ते त्या कोंबड्याला जमले. दोन वस्तू एक होण्याचे कारण चित्रातच सापडते, चिठ्ठीवर शोधावे लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याला आणखी जवळचे. 'भीमायन' हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचे चित्रपुस्तक २०११ साली निघाले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान दांपत्याची. त्यात साताऱ्याकडच्या मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमाचा १९०१ चा प्रवास आहे, पाणी नाकारले जाण्याचा; आणि १९१७ चे बडोदे आहे, जिथे परदेशी पदवी घेऊन आलेल्या माणसाला राहायला जागा मिळाली नाही. चित्रकथांत असतात तशा चौकोनी चौकटी या दोघांनी नाकारल्या. पाने त्यांनी डिगनाच्या वळणांनी विभागली. आगगाडी साप झाली. किल्ला श्वापद झाला. आणि बोलण्याचे फुगे पाहावेत. साध्या सरळ माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, विषारी माणसाच्या बोलण्याला विंचवाची नांगी असते. जातीचा डंख म्हणजे काय हे वर्गात सांगताना मला जे शब्द सापडत नाहीत ते त्या एका नांगीत आहे. हे वन्य प्राण्यांचे पुस्तक म्हणून कुणी विकणार नाही. तरी या शैलीतला माझ्या मते सर्वांत जिवंत प्राणी तो विंचू आहे. बडोद्याच्या वाचकांनी तरी हे पुस्तक शोधून पाहावे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो आमच्याच शिक्षकांच्या खोलीत आला. एक सहकारी म्हणाले, 'सर, गरीब माणसे आहेत, त्यांची चार पैशांची सोय झाली आहे. तुम्ही पाय सरळ आणि पान कोणते म्हणून कशाला बसता?' आक्षेप प्रामाणिक आहे. २०२३ मध्ये या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले, पाटनगढच्या घराघरांत कुंचला चालतो, मजुरीला जाणारे हात रंगाला लागले. हे मोठे काम झाले, त्याचे मोल कमी करण्याचा मला अधिकार नाही. विद्यार्थ्याला मी चित्र परत करायलाही सांगितलेले नाही. पण पोटासाठी काढलेल्या चित्राकडे नीट पाहू नये, असे कुठे आहे? गवयाची बिदागी देऊन आपण पाठ फिरवून बसत नाही. ज्या चित्रकाराने मानेवर एवढे दिवस घालवले त्याला 'सगळीच छान असतात' असे सांगणे म्हणजे मान व्यर्थ होती असे सांगणे. पुढचे हरीण तो पोटाच्या हाताने काढील, मानेच्या हाताने नाही. पैसे सारखेच मिळणार असतील तर का काढील?

जनगढचे पुढे काय झाले हे वाचकांना माहीत असायला हवे. ते जपानमध्ये निइगाता प्रांतातल्या मिथिला म्युझियममध्ये राहून चित्रे काढण्यासाठी गेले होते. तिथे जुलै २००१ मध्ये त्यांनी आपले आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आसपास. त्यामागच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली. आपण दूर बसून निवाडा करू नये. मला छळते ती दुसरी गोष्ट आहे. पॅरिसपर्यंत ज्याचे नाव गेले होते त्याच्या घराण्यातले चित्र आज भोपाळच्या दुकानातून आपल्या गावी येते तेव्हा त्यावर जमातीचे नाव असते, हजारो वर्षांचा दाखला असतो, आणि माणसाचे नाव चौकटीखाली असते. समूहाला दाद द्यायला खर्च येत नाही. माणसाला दाद द्यायची तर त्याचे चित्र दुसऱ्याच्या चित्राहून वेगळे काढून पाहावे लागते, आणि तेवढा वेळ आपण देत नाही.

भोपाळला जाणे झाले तर जनगढची पेनने काढलेली काळी-पांढरी चित्रे पाहण्याचा प्रयत्न करावा. तिथे रंगाचा आधार नाही, सोफ्याशी जुळण्याचा प्रश्न नाही, नुसती रेघ आहे. २०१३ मध्ये उघडलेले आदिवासी संग्रहालयही पाहण्यासारखे आहे. ज्यांना तेवढे जमणार नाही त्यांनी २००६ साली तारा बुक्सनेच काढलेले 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' पाहावे. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांची झाडे त्यात काळ्या कागदावर हाताने छापली आहेत, आणि तिघांची भरणकामे शेजारी शेजारी ठेवून ताडता येतात. घरात चौथी-पाचवीतली मुले असतील तर त्यांच्या हाती ते द्यावे. कुठले पान कुणाचे हे ती आपल्या आधी ओळखतील.

माजी विद्यार्थ्याला मी चित्राची मान दाखवली, पायही दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले आणि पाय खरेच टेबलाचे आहेत म्हणाला. हरीण तो ठेवणार आहे. मी त्याला एवढेच सांगितले की चौकट उतरवून नव्याने करून घे. उजव्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाने लाकूड मागे घेतले की नाव पुरे वाचता येईल. इथल्या सुताराने दोनशे रुपये सांगितले आहेत.